मॉरिशस बसनं: गाडी न घेता बेट पाहायचं असेल तर

रानजाई

मॉरिशसबद्दल इथे आजवर जे धागे आले त्यांत प्रश्न साधारण तेच असतात. ड्रायव्हर दिवसाचे किती घेतो, नॉर्थ टूर आधी करावी की साउथ टूर, इल ओ सेर या छोट्या बेटाची बोट पॅकेजमध्ये धरलेली असते का. मुंबईहून थेट विमान असल्यामुळे आपल्याकडचे पुष्कळ लोक तिथे जातात आणि बहुतेक जण हॉटेलच्या दारातून गाडीत, गाडीतून ठरलेल्या जागी, असं फिरून परत येतात. आम्ही दोघं तिथल्या बसनं आणि मेट्रोनं फिरलो. हे सहज जमतं, फार स्वस्त पडतं, आणि माझ्या मते ते बेट बघायची हीच उत्तम रीत आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आकार लक्षात घ्या. दक्षिणोत्तर सुमारे ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे ४५. क्षेत्रफळ एकोणीसशे चौरस किलोमीटरच्या थोडं खाली, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या जागेत बारा लाखांवर माणसं राहतात आणि त्यांच्यातले खूप जण कामाला, शाळेला, बाजाराला बसनंच जातात. विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठ नागरिकांना २००५ पासून तिथे बसप्रवास मोफत आहे (ही सवलत तिथल्या नागरिकांना, आपल्याला नाही). त्यामुळे बस गावोगाव पोचते. सरकारी महामंडळाच्या बस आहेत, मोठ्या खासगी कंपन्यांच्या आहेत आणि एकेका मालकाच्याही आहेत. पुढच्या काचेवर नंबर आणि गावाचं नाव असतं. चढून बसायचं, कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा, मधे तपासनीस चढतो. सुटे पैसे जवळ हवेत.

राजधानी पोर्ट लुईमध्ये दोन मोठे बसस्टँड आहेत आणि सगळं कोडं तिथेच सुटतं. उत्तरेकडच्या बस इमिग्रेशन स्क्वेअरहून सुटतात: ग्राँ बे, त्रियोले, पाँप्लेमूस. पश्चिम, दक्षिण आणि मधल्या पठाराकडच्या व्हिक्टोरिया स्टँडवरून: क्युरपीप, कात्र बोर्न, फ्लिक आँ फ्लाक, माएबुर. दोन्ही स्टँडमधलं अंतर चालत जाण्याजोगं आहे आणि मधे सेंट्रल मार्केट लागतं, त्यामुळे ते चालणं कंटाळवाणं होत नाही.

मेट्रो पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा करत क्युरपीपपर्यंत जाते. २०२० च्या जानेवारीत पहिला टप्पा सुरू झाला, २०२२ मध्ये ती क्युरपीपला पोचली. बांधकाम आपल्या लार्सन अँड टुब्रोचं, पैशाची मदतही भारताची. बराचसा मार्ग जुन्या रेल्वेच्या वाटेवरून जातो. या बेटावर १८६४ पासून रेल्वे होती, शेवटची प्रवासी गाडी १९५६ मध्ये धावली. आज डब्यात बसून बाहेर बघताना घरांच्या मागच्या परसबागा, वाळत घातलेले कपडे, अंगणातल्या छोट्या हनुमानाच्या देवळ्या आणि त्यांच्या लाल झेंड्या दिसतात. हमरस्त्यावरून जाणाऱ्याला हे दिसायचं नाही.

मुक्काम दोन ठिकाणी करा, एका ठिकाणी नको. एक आग्नेयेला माएबुरमध्ये, विमानतळाजवळ. दुसरा उत्तरेला ग्राँ बे किंवा त्रू ओ बिशला, नाहीतर पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला. एकाच ठिकाणी राहून रोज बेटाच्या दुसऱ्या टोकाला बसनं जाऊन यायचा हट्ट धरलात तर अर्धा दिवस बसमध्ये जाईल आणि मग बसला नावं ठेवाल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची बस. शहरी मार्गांवर साधारण रात्री आठपर्यंत, खेड्यांच्या मार्गांवर संध्याकाळी साडेसहापर्यंत बस मिळते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उतरतानाच कंडक्टरला विचारायचं, परतीची शेवटची किती वाजता? आम्ही हे प्रत्येक ठिकाणी विचारलं आणि प्रत्येकानं नीट सांगितलं. क्रेओल (तिथली रोजची बोलीभाषा) येत नसली तरी इंग्रजी, फ्रेंच आणि थोडी हिंदी यांवर काम भागतं.

प्रश्न विचारा, माहिती असेल ते सांगते.

बेलापूरकर

फार उपयोगी धागा. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन जायचा विचार आहे. दोघंही सत्तरीपुढचे, आईचे गुडघे दुखतात. त्यांना बसनं नेणं योग्य होईल का? की हे सगळं तरुणांसाठी?

रानजाई

बेलापूरकर, मेट्रो डोळे मिटून. फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, चढायला त्रास नाही, डबे गार असतात. बसच्या पायऱ्या मात्र उंच असतात आणि चालक वळणांवर वेग कमी करत नाहीत. म्हणून आई-बाबांसाठी छोट्या अंतरांची बस ठेवा: माएबुर ते ब्लू बे, ग्राँ बे ते काप मालरू, पोर्ट लुई ते पाँप्लेमूस. गर्दीच्या वेळा टाळा. सकाळी कामावर जाणारे आणि दुपारी शाळा सुटल्यावरची मुलं यांच्या मधल्या वेळात बस निवांत असते, आणि वयस्कर माणूस दिसला की लोक आपणहून जागा देतात.

विमानतळावरून मात्र सरळ टॅक्सी करा. माएबुर-पोर्ट लुई बस विमानतळाजवळून जाते, पण बसमध्ये मोठ्या सुटकेसा ठेवायला जागा नसते. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवायचं, मीटरवर कोणी चालवत नाही.

डिसेंबरात उन्हाळा असेल. दमट आणि गरम, किनाऱ्यावर तिशीच्या पुढे पारा. आईंना दुपारी बाहेर काढू नका.

चक्रधर

लेख चांगला आहे, पण मी असहमत आहे. आम्ही गाडी भाड्यानं घेतली होती. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूनं वाहतूक, रस्ते उत्तम, पाट्या स्पष्ट. एका दिवसात गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती आणि धबधबा, ल मोर्नचा किनारा, संध्याकाळी फ्लिक आँ फ्लाक. हे बसनं करून दाखवा. चार माणसांचं कुटुंब असेल तर खर्चही फार वेगळा येत नाही. सुट्टीवर गेल्यावर स्टँडवर उभं राहून वाट का बघायची?

रानजाई

चक्रधर, नैऋत्येचा तो एक दिवस मी तुम्हाला देऊन टाकते. शामारेलला बस कमी, गंगा तलाव डोंगरात आडबाजूला, आणि दोन्ही एकाच दिवसात बसनं जोडणं कठीण. त्या दिवसापुरती आम्हीही टॅक्सी केली. हॉटेलातल्या आणखी एका जोडप्याबरोबर खर्च वाटून घेतला. ज्यांना बसनं फिरायचंय त्यांनी हा एक दिवस टॅक्सीचाच धरावा.

पण बाकीच्या दिवसांबद्दल तुमचं पटत नाही. पोर्ट लुईत सकाळी गाडी घेऊन शिरणं आणि मग ती ठेवायला जागा शोधणं हा निव्वळ मनस्ताप आहे. पाँप्लेमूसची बाग, ब्लू बे, माएबुरचा सोमवारचा बाजार, काप मालरू, कात्र बोर्नचा गुरुवार-रविवारचा कापडबाजार, क्युरपीपचं त्रू ओ सेर विवर, यांपैकी एकाही ठिकाणी गाडीवाचून अडत नाही. सुयाकला ग्री ग्रीच्या कड्यावर जायचं असेल तर क्युरपीपहून बस आहे, पुढे थोडं चालायचं. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, म्हणून किनाऱ्याशी पाणी शांत असतं. ग्री ग्रीला ती भिंत तुटलेली आहे आणि समुद्र थेट कड्यावर आदळतो. तिथे पोहायचं नाही, फक्त बघायचं.

वाट बघण्याबद्दल म्हणाल तर स्टँडवरच आमच्या सगळ्यात छान गप्पा झाल्या. माएबुरच्या स्टँडवर एका आजींनी मला विचारलं, इंडियात कुठल्या गावच्या? पुणे सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारून बोलावलं, कारण तिचे पूर्वज ‘मराठा’ होते. गाडीत बसले असते तर ही बाई मला भेटली नसती.

वाक्वा_मराठी

नमस्कार. मी मॉरिशसमध्ये, वाक्वा येथे राहते. माझे मराठी शाळेतले आहे, चूक असल्यास क्षमा करावी. रानजाई ताईंचा लेख वाचून मला फार आनंद झाला. आमच्या देशाविषयी भारतातील लोक लिहितात तेव्हा बहुधा फक्त समुद्र आणि हॉटेल यांविषयी लिहितात.

आमचे पूर्वज रत्नागिरीकडून आले, असे आजोबा सांगत. आम्ही घरी क्रेओल बोलतो. मराठी आम्ही शाळेत शिकतो, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत पुढील शिक्षण घेता येते. देवळात आरत्या मराठीत म्हणतो. लग्नात आणि सणांना झाकरी नृत्य होते. आपल्याला वाक्वा, हेन्रिएता, कास्कावेल येथे मराठी कुटुंबे भेटतील. कास्कावेलला फ्लिक आँ फ्लाकच्या बसने जाता येते, ते वाटेवरच आहे.

एक माहिती जोडते. आमच्याकडे ‘टॅक्सी त्रँ’ असते. ही टॅक्सी ठराविक मार्गावर चालते, चार प्रवासी झाले की निघते, प्रत्येक जण आपले पैसे देतो. भाडे बसपेक्षा थोडे जास्त. बस चुकली तर लोक हीच घेतात. स्टँडजवळ विचारावे.

रानजाई

ताई, तुमचं मराठी सुंदर आहे, क्षमा कसली मागता! टॅक्सी त्रँची माहिती फार मोलाची. वर मूळ लेखात ती मी जोडू का?

वाक्वा_मराठी

अवश्य जोडावी.

डोंगरयात्री

कोणीच डोंगरांबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. मॉरिशसचे डोंगर उंचीनं लहान, पण आपल्या सह्याद्रीप्रमाणेच ज्वालामुखीतून झालेला काळा दगड, आणि चढ चांगलेच सरळसोट. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. मला सर्वाधिक आवडला तो ल पूस, ८१२ मीटर. अंगठ्यासारखा वर आलेला सुळका. पोर्ट लुईहून सेंट पियेरच्या बाजूला जाणारी बस घ्यायची, पती व्हेर्जे गावाकडे उतरायचं आणि उसाच्या शेतांतून वाट धरायची. वरून एका बाजूला पोर्ट लुईचं बंदर, दुसऱ्या बाजूला मोकाचं पठार. १८३६ मध्ये बीगल जहाज या बेटावर थांबलं तेव्हा चार्ल्स डार्विन याच डोंगरावर चढला होता. ते आठवत वर बसलो की वेळेचं भान राहत नाही, म्हणून आधीच सांगतो: सकाळी पहिल्या काही बसपैकी एक धरा.

ल मोर्नही बसनं होतो. कात्र बोर्नहून बे द्यु कापच्या दिशेनं जाणारी बस तामारीन, रिव्हिएर न्वार, ला गोलेत करत जाते. फाट्यावर उतरून पायथ्यापर्यंत चालावं लागतं. ५५६ मीटरचा हा खडक पळून आलेल्या गुलामांचं आश्रयस्थान होता. २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. पहिला अर्धा भाग रुंद पायवाट, कोणीही जाईल. वरचा टप्पा हात लावून चढायचा आहे. पाऊस पडून गेला असेल तर वरचा टप्पा सोडा, तो दगड ओला झाला की पाय ठरत नाही. खाली उतरल्यावर परतीच्या बसला उशीर झाला तर त्या भागात दुसरं काही मिळणं अवघड, तेव्हा दुपारी दोनच्या आत पायथ्याशी परत यायचं असा हिशेब ठेवा.

चक्रधर

डोंगरयात्री, हे माहीत नव्हतं. ल पूस आमचा राहिलाच. आम्ही गाडीतून लांबून बघितला.

सई_म

मी एकटीनं जायचा विचार करतेय. बाईनं एकटीनं बसनं फिरणं कितपत सुरक्षित?

रानजाई

सई, दिवसा निर्धास्त फिर. बसमध्ये शाळेच्या मुली, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, कारखान्यातून सुटलेल्या बायका, सगळ्या एकेकट्याच असतात. अंधार पडल्यावर मात्र गावं लवकर शांत होतात. उसाच्या शेतांमधले रस्ते निर्मनुष्य असतात, किनाऱ्यांवरही कोणी नसतं. म्हणून एकटीसाठी मुक्काम असा निवड की बसथांबा आणि घर यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त चालणं नको, आणि संध्याकाळचं जेवण जवळपास मिळेल. ग्राँ बे किंवा फ्लिक आँ फ्लाक त्या दृष्टीनं बरे, रात्री आठ-नऊपर्यंत वर्दळ असते. ल पूस एकटीनं करू नकोस, सोबत शोध.

वाक्वा_मराठी

मी रोज बसने कामावर जाते. रानजाई ताईंचे बरोबर आहे. पुढच्या बाजूच्या आसनांवर बसावे. आणि अडचण वाटल्यास कंडक्टरला सांगावे, ते मदत करतात.

सुगरण

शाकाहारी माणसाचं बसनं फिरताना जेवणाचं काय? रिसॉर्टमध्ये बुफे असतो, पण रस्त्यावर?

रानजाई

सुगरण, रस्त्यावर तर तुमची चैन आहे! धोल पुरी सगळीकडे मिळते: चण्याची डाळ भरलेली पातळ, मऊ पुरी, जोडीनं देतात, आत डबल बीच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून. स्टँडवर उभ्याउभ्या खायची. फराटा म्हणजे आपला पराठा, त्यातही भाजी. गातो पिमाँ म्हणजे वाटलेल्या डाळीची मिरची-कांदापात घातलेली भजी, ती गरम असताना पावात घालून खातात. सेंट्रल मार्केटमध्ये आलूदा प्या, सब्जा आणि दूध घातलेलं गार पेय. अननस उभा चिरून त्याला मीठ-मिरची लावून देतात. शाकाहारी आहात हे सांगितलं की लोकांना लगेच कळतं, कारण तिथल्या अनेक हिंदू घरांत उपासाच्या आणि सणाच्या दिवशी सामिष शिजत नाही. चायनीज गाडीवर मात्र विचारून घ्या.

निरंजन_ठाणे

तुम्ही म्हणता ते सगळं ठीक, पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं नेमकी सुरुवात कुठून करावी? एखादा दिवस उलगडून सांगाल का?

रानजाई

निरंजन, दोन दिवस सांगते. हे दोन मला मनापासून आवडले.

पहिला पोर्ट लुईचा. सकाळी मेट्रोनं किंवा बसनं उतरायचं आणि थेट आप्रवासी घाटावर जायचं. इमिग्रेशन स्क्वेअरच्या बसस्टँडच्या अगदी शेजारी आहे, गाडीनं येणाऱ्यांना तो कित्येकदा दिसतही नाही. गुलामगिरी संपवल्यावर ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या बेटाच्या वाटेनं आली, काही इथे राहिली, काही पुढे इतर वसाहतींत गेली. बिहार-उत्तर प्रदेशातून सर्वाधिक, तमिळ आणि तेलुगू मुलखांतून, आणि मुंबई बंदरातून आपली माणसं: रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या बाजूची. बोटीतून उतरून ज्या दगडी पायऱ्या ते चढले त्या पायऱ्या तिथे आहेत. २००६ मध्ये ही जागा जागतिक वारसा ठरली. शेजारचं माहिती केंद्र नीट, वेळ देऊन बघा. प्रत्येक मजुराला नंबर मिळायचा, नाव इंग्रज कारकून ऐकेल तसं लिहायचा, पुढे छायाचित्रंही काढली जायची. ही कागदपत्रं आज मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत आणि लोक तिथे जाऊन पणजोबांचं गाव शोधतात. कोकणातून निघालेल्या, परतीची खात्री नसलेल्या माणसांची ही जागा आहे. मॉरिशसला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं इथे एक तास द्यावा, समुद्रकिनारा कुठे जात नाही.

तिथून चालत सेंट्रल मार्केट, जामा मशीद, चायनाटाउन. नंतर नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय. डोडोचा सांगाडा तिथे बघायला मिळतो. डच लोक सतराव्या शतकात या बेटावर वस्तीला आले आणि त्याच शतकात हा पक्षी संपला. दुपारनंतर इमिग्रेशन स्क्वेअरहून पाँप्लेमूसची बस. बागेतल्या तळ्यातली परातीएवढी कमळपानं फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात. मला तिथली तालिपोट ताडाची झाडं जास्त आवडली. कित्येक दशकांनी एकदाच फुलतं आणि मग मरतं. संध्याकाळी उत्तरेकडची बस धरून ग्राँ बेला मुक्कामी.

दुसरा दिवस माएबुरचा, आणि तो सोमवारच असला पाहिजे. सोमवारी बाजार भरतो. भाज्या, कापड, मसाले, वेताच्या टोपल्या. बाजार बंदराच्या काठावर स्टँडला लागूनच आहे. गावाबाहेर थोडं चालत गेलं की कासावाची बिस्किटं करणारा जुना कारखाना आहे, १८७० पासून चालू असलेला, आत नेऊन दाखवतात. मग माएबुरहून साँत्र द फ्लाकची किनाऱ्यानं जाणारी बस घ्या आणि उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. कुठे उतरायचं नाही, फक्त बसून राहायचं. रस्ता इतका पाण्याजवळून जातो की भरतीला लाटेचा शिंतोडा काचेवर येईल असं वाटतं. एका हाताला लायन पर्वत, दुसऱ्या हाताला व्ह्यू ग्राँ पोर्टचा उपसागर. १८१० च्या ऑगस्टमध्ये याच पाण्यात फ्रेंचांनी इंग्रज आरमाराचा पराभव केला, पॅरिसच्या विजयकमानीवर ही लढाई कोरलेली आहे. तीनच महिन्यांत इंग्रज उत्तरेकडून उतरले आणि बेट घेतलंच. डच पहिल्यांदा उतरले तेही याच किनाऱ्यावर, १५९८ मध्ये. बसमधल्या बायकांना यातलं काही वाटत नाही, त्या आपली मासळी आणि कोथिंबीर घेऊन गावागावात उतरत राहतात, चालक प्रत्येकीला नावानं ओळखतो. आपली एसटी कोकणात ज्या जिव्हाळ्यानं धावते, तसंच ते वाटलं मला.

साँत्र द फ्लाकहून त्रू दो दूसची बस आहे. तिथल्या धक्क्यावरून इल ओ सेरच्या बोटी मिळतात. पॅकेजमधली तीच बोट, तोच समुद्र.

डोंगरयात्री

त्या बसनं मीही गेलोय. हिवाळ्यात गेलात तर एक लक्षात ठेवा, आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्याला जोरात लागतो. जून ते सप्टेंबर पोहायला पश्चिम आणि वायव्य किनारा बरा, पूर्व किनारा बघायला.

बेलापूरकर

वादळांचं काय? डिसेंबर म्हणजे तोच काळ ना?

वाक्वा_मराठी

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळाचा काळ आहे. जानेवारी ते मार्चमध्ये शक्यता जास्त, डिसेंबरात कमी. आमच्याकडे इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांत लोक तयारी करतात, पाणी आणि मेणबत्त्या आणतात. तिसरा वर्ग जाहीर झाला की बस व मेट्रो बंद होतात, सर्वांनी घरातच राहायचे असते. अशा वेळी हॉटेलबाहेर पडू नये. रेडिओ आणि हवामान खात्याची सूचना ऐकावी. वादळ गेल्यानंतर सुद्धा समुद्र धोक्याचा असतो.

सई_म

किनाऱ्यांवर रिसॉर्टवाले बसू देतात का? बसनं जाऊन आम्ही पोहायचं कुठे?

रानजाई

सई, तिथे भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सगळ्यांचा असतो, रिसॉर्टसमोरचाही. पण मी म्हणेन सरकारी सार्वजनिक किनारे बघ. फ्लिक आँ फ्लाक, माँ श्वाझी, ब्लू बे, पेरेबेर. सगळीकडे बस जाते, सुरूची झाडं, स्वच्छतागृह, खाण्याच्या गाड्या असतात. रविवारी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं पातेल्यांतून बिर्याणी घेऊन येतात, दुपारनंतर रावानचा (डफासारखं वाद्य) ताल सुरू होतो आणि म्हाताऱ्या बायकासुद्धा सेगा हे तिथलं लोकनृत्य नाचतात. रविवारी बसला गर्दी होते पण तो एक रविवार चुकवू नका. पाण्यात जाताना रबरी बूट घाला, खडकांत समुद्री साळिंदर असतात, काटा पायात मोडतो.

ब्लू बेला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवतात. त्याच्या अलीकडे प्वँत जेरोमहून इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर बोट जाते. तिथे वन्यजीव संस्थेचे मार्गदर्शक घेऊन फिरवतात, आधी नाव नोंदवावं लागतं. गुलाबी पारवा तिथे जवळून दिसतो. १९९० च्या सुमारास हा पक्षी जंगलात दहाच्या आसपास उरला होता, आज शेकड्यांनी आहे. बेटावर जाऊन एकच पैसे देऊन केलेली सहल करायची असेल तर ही करा. पाण्यावरच्या स्कूटर आणि पॅराशूट सगळीकडे मिळतात.

चक्रधर

रानजाई, पुढच्या वेळी नैऋत्येचा एक दिवस गाडी आणि बाकी बस, असं करून बघतो. बायकोला माएबुरचा बाजार वाचून दाखवला, ती आत्ताच निघायला तयार आहे.

निरंजन_ठाणे

एक शेवटचं. आम्ही गणपतीच्या सुट्टीत जायचं म्हणतोय. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते असं वाचलं. विसर्जन बघायला मिळेल का, आणि त्या दिवशी बस असते का?

वाक्वा_मराठी

हो, राष्ट्रीय सुट्टी असते, पण बहुधा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. त्या वेळी विसर्जन होते, म्हणून तारीख पाहून विमान घ्यावे. चतुर्थीला घरोघरी व देवळात पूजा असते, मोदक करतात. दुसऱ्या दिवशी मिरवणुका निघतात. काही नदीवर जातात, पुष्कळ समुद्रावर जातात. फ्लिक आँ फ्लाकला मोठी गर्दी होते. बस सुट्टीच्या वेळापत्रकाप्रमाणे असते, म्हणजे कमी. दुपारनंतर त्या रस्त्यावर वाहने थांबतात. आपण सकाळीच कात्र बोर्नहून बस घेऊन कास्कावेलला उतरावे, तेथून मिरवणुकीबरोबर चालत समुद्रापर्यंत जावे. सर्व लोक चालतात. परत येताना शेवटच्या बसच्या आधीची बस धरावी, शेवटच्या बसमध्ये जागा मिळणार नाही. आपण येणार असाल तर आठवडाभर आधी येथे लिहावे, आमच्या देवळाची मिरवणूक किती वाजता निघते ते मी विचारून सांगेन.

निरंजन_ठाणे

ताई, नक्की लिहितो. आम्ही चौघं आहोत, दोन मुलं. आरत्या मुलांना पाठ आहेत.

वाक्वा_मराठी

मग मुलांना पुढे उभे करू.